कुक्षीचा समुद्र

समुद्रकाठी वाढलेला माणूस डोंगरापलीकडच्या मुलखात गेला म्हणजे त्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. तेथील वाऱ्याला मिठाचा वास नसतो. संध्याकाळी होड्या परतताना उठणारा गलका नसतो. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांच्या अंगवळणी पडलेले. त्याचा तेथे कोणाला पत्ताही नसतो. गेल्या हिवाळ्यात मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात कुक्षी या गावी जाण्याचा योग आला, तेव्हा मनाची अशीच तयारी करून मी निघालो होतो. परंतु घडले उलटेच. समुद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या या गावाने मला समुद्राचीच गोष्ट सांगितली, आणि तिच्याबरोबर एका दर्यावर्दी अधिकाऱ्याच्या आयुष्याची आठवण करून दिली. ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेखप्रपंच.

इंदुराहून धार आणि धारेहून कुक्षी असा मोटारीचा मार्ग आहे. माळव्याचे काळेभोर पठार संपले की विंध्याद्रीचा उतार लागतो आणि प्रवासी निमाडात शिरतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची व मक्याची शेते, अंगणात वाळत घातलेल्या तांबड्या मिरच्या, टेकड्यांवर दूर दूर विखुरलेली भिल्लांची व भिलालांची घरे, असा हा प्रदेश. होळीच्या आधी येथे भगोरियाचे बाजार भरतात, तेव्हा ढोलांच्या आवाजाने सारा मुलूख दुमदुमतो म्हणे. मी गेलो तेव्हा मात्र सगळीकडे शांत होते. कुक्षी हे पूर्वी धारच्या पवारांच्या संस्थानातले गाव. धारेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आजही आहेत, आणि त्यांतलेच एक सेवानिवृत्त शिक्षक माझे वाटाडे झाले. त्यांच्या मराठीत मधूनच माळव्याचा हेल येई. तो कानाला मोठा गोड लागे.

‘कुक्षी’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ उदर, कूस. गावाच्या नावाची खरी व्युत्पत्ती काय असेल ती असो. पण जे पुढे पाहिले त्यावरून हे नाव या भूमीला फारच शोभून दिसते, असे मला वाटले.

कुक्षीपासून बाघ हे गाव जवळच. तेथील लेणी व त्यांतील भित्तिचित्रे प्रसिद्धच आहेत. ही बौद्ध लेणी दीड हजार वर्षांपूर्वीची असून डेंजरफील्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८१८ साली त्यांची माहिती बाहेरच्या जगाला दिली. लेणी पाहून झाल्यावर शिक्षकांनी मला एका ओढ्याच्या काठी नेले. पाण्याने कापलेल्या दरडीत पांढुरक्या चुनखडीचा थर उघडा पडला होता. त्यांनी खाली वाकून एक लहानसा दगड उचलला व माझ्या तळहातावर ठेवला.

“फादर, तुम्ही समुद्रकाठचे. हे काय आहे, ओळखा पाहू.”

दगड आकाराने बदामासारखा होता, आणि त्याच्या पाठीवर पाच पाकळ्यांचे एक सुरेख फूल कोरलेले दिसत होते. कोरणारा हात मनुष्याचा नव्हता. लहानपणी ओहोटीच्या वेळी वाळूत सापडणारी तसलीच ठिसूळ टरफले मला आठवली. समुद्राच्या तळाशी राहणारा हा काटेरी प्राणी. इंग्रजीत त्याला ‘सी अर्चिन’ म्हणतात. येथे तो पाषाणरूप होऊन बसला होता.

सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता आणि तो या प्रदेशापर्यंत पोहोचला होता. त्याच्या तळाशी कालवे, शिंपले, गोगलगाईसारखे वेटोळे घातलेले प्राणी यांचे थरावर थर साचले. शार्क माशांचे दातही त्यांत सापडतात. मग समुद्र मागे हटला. पुढे त्याच भूमीवर प्रचंड डायनोसॉर अंडी घालू लागले. बाघ व कुक्षी यांच्या परिसरात त्यांची ९२ घरटी व २५६ अंडी सापडल्याचे शास्त्रज्ञांनी २०२३ साली प्रसिद्ध केले. शेवटी ज्वालामुखीच्या लाव्हाने हे सर्व झाकून टाकले. तोच आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. अशा रीतीने कुक्षीच्या कुशीत समुद्र जपून राहिला आहे.

हे शिंपले शास्त्रज्ञांच्या दृष्टीस प्रथम कसे पडले, ती हकिकत मनोरंजक आहे, आणि माझ्या गोष्टीचा दुवा तिच्यातच आहे. १८५६ च्या सुमारास निमाडचे पोलिटिकल एजंट कीटिंज यांनी बाघच्या परिसरातील हे दगड गोळा करून मुंबईस डॉक्टर हेन्री कार्टर यांच्याकडे पाठविले. ते कार्टरांकडेच जाणे स्वाभाविक होते. हे गृहस्थ मुंबई सरकारच्या नोकरीत शस्त्रवैद्य होते व १८४४ ते १८४६ या काळात ‘पॅलिन्युरस’ नावाच्या सर्वेक्षणाच्या गलबतावर राहून त्यांनी अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरील खडक व शिंपले जमविले होते. पुढे १८६५ साली डंकन या शास्त्रज्ञाने कार्टरांचे अरबस्तानातले नमुने व बाघचे नमुने यांचे वर्णन एकाच निबंधात केले. अरबस्तानचा तो उजाड किनारा आणि निमाडातला हा ओढा एकेकाळी एकाच महासागराच्या शेजाराला होते, हे त्यामुळे जगाला दिसू लागले.

‘पॅलिन्युरस’ हे नाव उच्चारताच मला सेमिनरीतले लॅटिनचे तास आठवले. व्हर्जिल कवीच्या महाकाव्यात पॅलिन्युरस हा नायक ईनिअस याच्या जहाजाचा सुकाणू धरणारा. रात्री ताऱ्यांवर नजर ठेवून तो सर्वांना सुखरूप नेत असतो. पण निद्रेची देवता त्याला गाठते आणि तो सुकाणूसकट समुद्रात पडतो. बाकीचे सारे इष्ट स्थळी पोहोचतात. त्याचे प्रेत मात्र परक्या किनाऱ्यावर अंत्यविधीवाचून पडून राहते. मुंबईच्या आरमारातील गलबताला असे अशुभ नाव कोणी दिले असेल ते असो. पण त्या गलबताच्या एका कप्तानाच्या बाबतीत ते फार खरे ठरले.

स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्स हे त्या कप्तानाचे नाव. जन्म इंग्लंडमध्ये, १८०२ सालचा. किशोरवयातच तो मुंबईच्या आरमारात दाखल झाला. हे आरमार ईस्ट इंडिया कंपनीचे. त्यालाच १८३० पासून ‘इंडियन नेव्ही’ म्हणू लागले. अधिकारी इंग्रज, आणि शिडे-दोर सांभाळणारे बरेचसे खलाशी आपल्याकडचे. लढाई हे त्यांचे एक काम. पण त्याहून मोठे काम होते मोजणीचे. १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईत बांधलेली आगबोट सुएझपर्यंत जाऊन आली, तेव्हापासून तांबड्या समुद्राच्या वाटेने विलायतेशी टपाल जोडण्याचे वेध सर्वांना लागले. परंतु त्या वाटेवरचे खडक, प्रवाह, गोड्या पाण्याच्या जागा यांची भरवशाची माहिती नव्हती. मोरेस्बी या अधिकाऱ्याने ‘पॅलिन्युरस’वरून तांबड्या समुद्राच्या उत्तर भागाचे नकाशे केले. त्यानंतर हेच गलबत हेन्सच्या हाती आले आणि अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविण्यात आली.

ही मोजणी कशी चाले, ते समजून घेण्यासारखे आहे. मुख्य गलबत सुरक्षित पाण्यात उभे करून लहान होड्या किनाऱ्यालगत पाठवीत. एक मनुष्य शिशाचा ओळंबा दोरीने सोडी. दोरीवर वावांच्या खुणा बांधलेल्या असत. ओळंब्याच्या बुडाला चरबी फासलेली असे. तिला चिकटून वर येई त्यावरून तळाशी वाळू आहे, चिखल आहे की शिंपल्यांचा चुरा, हे कळे. त्याच वेळी अधिकारी किनाऱ्यावरील डोंगरांचे कोन मोजून होडीची जागा निश्चित करी. असे एकेक माप घेत, उन्हाने भाजलेल्या त्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने घालवायचे. प्यायला मचूळ पाणी, जोडीला ताप, आणि किनाऱ्यावर उतरावे तर टोळ्यांचा संशय. नकाशावर छापलेला प्रत्येक लहानसा आकडा म्हणजे कोणातरी खलाशाने त्या उन्हात टाकलेला एक ओळंबा होय. तो आकडा खोटा असेल, तर पुढे येणारे जहाज खडकावर आपटते. म्हणून या कामात हाताच्या कौशल्याइतकाच प्रामाणिकपणा लागतो.

१८३४ साली हेन्सने सोकोत्रा बेटाची पाहणी केली. हे बेट आपल्या वाचकांना अपरिचित नाही. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास येताना तेथे थांबले होते आणि तेथील विस्मृतीत गेलेल्या ख्रिस्ती लोकांची स्थिती पाहून त्यांचे मन द्रवले होते. त्याच वर्षी ‘पॅलिन्युरस’वरील अधिकाऱ्यांना अरबस्तानच्या किनाऱ्यावर हिस्न-अल-घुराब येथे प्राचीन हिम्यरी लिपीतील शिलालेख आढळले. हेन्सचे किनाऱ्याविषयीचे वृत्त लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८३९ व १८४५ साली दोन भागांत छापले. तो अरबी लोकांत मिसळे, त्यांच्या शेखांशी तासन्‌तास बोलत बसे. त्यांच्या जमाती व त्यांची भांडणे यांची त्याच्याइतकी माहिती त्या काळी कोणा इंग्रजाला नव्हती.

येथपर्यंतचे त्याचे आयुष्य निर्मळ शोधकाचे दिसते. पण मोजणीच्या मागोमाग मालकी येते, हा त्या काळचा नियमच होता. १८३७ च्या जानेवारीत इंग्रजी निशाणाखालचे ‘दर्या दौलत’ हे जहाज एडनजवळ फुटले, आणि तेथील लोकांनी ते लुटून प्रवाशांचे हाल केले. आगबोटींना कोळशासाठी बंदर हवेच होते. त्यात हे निमित्त मिळाले. मुंबई सरकारने हेन्सला एडनला पाठविले. दरसाल ८,७०० रियाल घेऊन शहर देण्याची बोलणी सुलतानाशी झाली, ती फिसकटली, आणि १९ जानेवारी १८३९ रोजी तोफा डागून एडन घेण्यात आले. ज्यांचे शहर गेले त्यांनी ते परत मिळविण्यासाठी पुढे अनेक हल्ले केले व त्यांत पुष्कळ माणसे मेली. हेन्सचे चरित्र सांगताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे.

त्यानंतर पंधरा वर्षे तो एडनचा पोलिटिकल एजंट होता. त्याच्या कारकिर्दीत त्या ओसाड खेड्याचे गजबजलेले बंदर झाले. कॉफी, डिंक, कातडी यांचा व्यापार तेथे एकवटला. तेथला कारभार मुंबई इलाख्याला जोडलेला होता, आणि हे नाते १९३० च्या दशकापर्यंत टिकले. त्यामुळे विलायतेला जाणाऱ्या कित्येक पिढ्यांना एडन हा आपल्या दारचाच एक थांबा वाटे.

परंतु या कर्तबगार माणसात एक उणीव होती. समुद्राचा ठाव घेणाऱ्या हेन्सला खजिन्याचा ठाव घेता आला नाही. कारकून व मदतनीस हवेत म्हणून त्याने मुंबईस पुन्हा पुन्हा लिहिले. ते पुरेसे मिळाले नाहीत. तोही जमाखर्च नीट ठेवण्याचे आज-उद्यावर ढकलीत राहिला. १८५४ साली तपासणी झाली, तेव्हा सुमारे २८,००० पौंडांची तूट निघाली. त्याला मुंबईस बोलावून त्याच्यावर अपहाराचा खटला भरण्यात आला. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. दुसऱ्या आरोपावरही निकाल तोच झाला. रक्कम त्याने खिशात घातली, असे सिद्ध झाले नाही. तरीसुद्धा सरकारने त्या रकमेबद्दल त्याच्यावर दिवाणी हुकूमनामा मिळविला, आणि देणे फेडता येईना म्हणून या निर्दोष ठरलेल्या मनुष्याला मुंबईत कर्जदारांच्या तुरुंगात टाकले.

तेथे तो सहा वर्षे होता. १८५७ चा उठाव झाला, कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले. पण हेन्सचा दरवाजा उघडला नाही. अखेर १८६० साली सर जॉर्ज क्लर्क गव्हर्नर होऊन आले व त्यांनी त्याची सुटका केली. खंगलेल्या शरीराने तो विलायतेच्या प्रवासासाठी जहाजावर चढला. ते जहाज मुंबई बंदर सोडण्यापूर्वीच, १६ जून १८६० रोजी, त्याने प्राण सोडला. ज्याने इतरांना सुखरूप घरी जाण्यासाठी वाट मोजून दिली, तो स्वतः मात्र घरी पोहोचला नाही.

एडनच्या आसपासचे अरब पुढे पुष्कळ वर्षे त्या शहरातील लोकांना ‘हेन्सची मुले’ म्हणत, असे सांगतात. आणि दैवाचा खेळ असा, की हेन्सने ज्या एडनवर इंग्रजांचे निशाण लावले, तेथल्याच तुरुंगात आपले वासुदेव बळवंत फडके यांनी १८८३ साली देह ठेवला. राज्याच्या हिशोबात माणूस किती लहान होऊन जातो, हे या दोन कोठड्या सांगतात.

ओढ्याच्या काठी बसून मी ही हकिकत शिक्षकांना सांगत होतो. ते ऐकून काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते मला निसरपुराकडे, नर्मदेच्या बाजूला घेऊन गेले. सरदार सरोवराचे पाणी सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोहोचले, आणि कुक्षी तालुक्यातील निसरपूर, चिखलदा यांसारख्या भरल्या गावांच्या घरांत शिरले. पाणी ओसरलेल्या जागी भिंतींचे अवशेष, चौथरे, एक वाळलेले झाड असे काहीबाही दिसत होते.

“फादर,” ते म्हणाले, “काल तुम्ही ओळंब्याची गोष्ट सांगितलीत. येथेही मोजणी झाली होती. कोणते घर बुडणार, कोणते नाही, याची रेघ आखली होती. पुढे फेरमोजणीत हजारो कुटुंबांची नावे गळाली. २०२३ च्या सप्टेंबरात पाणी चढले, तेव्हा रेघेबाहेरच्या घरांतही ते आले, असे लोक सांगतात. त्यांचा हिशोब कोणी करायचा?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. धरणाने दूरदूरच्या शेतांना व तहानलेल्या गावांना पाणी मिळाले, हे खरे आहे; आणि निसरपुरातल्या म्हाताऱ्यांची अंगणे गेली, हेही तितकेच खरे आहे. पण शिक्षकांच्या प्रश्नाने मला हेन्सच्या आयुष्याचा अर्थ अधिक स्पष्ट केला. होडीत बसून, उन्हात होरपळत, स्वतःच्या हाताने घेतलेले माप आणि दूरच्या कचेरीत बसून ओढलेली रेघ यांत फार अंतर आहे. हेन्सने किनारा मोजला तेव्हा तो तेथल्या माणसांत मिसळला होता. त्याचा स्वतःचा हिशोब झाला, तो मात्र केवळ वहीतल्या आकड्यांवरून. पंधरा वर्षांची सेवा कोणत्याच रकान्यात बसली नाही.

दोष त्याचाही होता, हे विसरून चालणार नाही. सोपविलेल्या पैशाची नोंद त्याच दिवशी करावी, हा धडा घरातल्या कर्त्या माणसाने, सोसायटीच्या चिटणिसाने, आणि आम्हा धर्मगुरूंनीही घ्यावा असा आहे. चांगली मने व मोठी कामे विस्कटलेल्या वहीपायी मातीमोल झालेली मी पाहिली आहेत. परंतु हिशोब मागणाऱ्यासाठीही एक धडा आहे. देणेकऱ्याचा गळा धरणाऱ्या त्या शुभवर्तमानातील चाकराची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. हिशोब मागावा, अवश्य मागावा. पण मागताना समोर माणूस उभा आहे, हे विसरू नये.

निघताना बाघच्या वाटेवर आम्ही पुन्हा त्या ओढ्यापाशी थांबलो. तो पाच पाकळ्यांचा दगड आदल्या दिवशी माझ्या खिशातच राहून गेला होता. घरी नेऊन मुलांना दाखवावा, असा मोह झाला होता. पण येथले दगड असेच एकेक करून नाहीसे होत चालले आहेत, असे शिक्षक म्हणाले होते. मी तो होता त्या थरापाशी ठेवून दिला. नऊ कोटी वर्षे ज्या कुशीने तो जपला, तिच्यापाशीच तो असावा, हे बरे.